आज रोख, उद्या उधार



वाण्याच्या दुकानातील ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. शेअर बाजाराच्या सुरक्षिततेचे मर्म या चार शब्दांत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती वाटेल. म्हणून आपल्याच शहरातील एक प्रसंग साक्षीला ठेवतो.

लायन्स रेंजमधील कलकत्ता शेअर बाजार १९०८ साली स्थापन झाला. मार्च २००१ मध्ये भाव कोसळताच तेथील काही मोठ्या दलालांना देणे भागविता आले नाही. याचे कारण केवळ लोभ नव्हे. त्या काळी आठवडाभर खरेदी-विक्री करावी, अखेरीस हिशेब मांडावा आणि पैसे त्यानंतर काही दिवसांनी द्यावेत, अशी रीत होती. शिवाय व्याज भरून सौदा पुढे ढकलण्याची ‘बदला’ पद्धत होतीच. भाव चढते असेपर्यंत हे ऋण कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. ते उतरताच सर्व देणी एकदम दाराशी उभी राहिली. बाजाराच्या कारभारातही दलालांचेच वजन. शेताची राखण कुंपणाने करावी. पण कुंपणाची राखण कोणी करावयाची?

सुधारणा झाल्या त्या याच दोन ठिकाणी. २ जुलै २००१ पासून प्रमुख समभागांत बदला बंद होऊन प्रत्येक दिवसाच्या सौद्यांची पूर्तता पाच दिवसांनी होऊ लागली. ही मुदत एप्रिल २००२ मध्ये तीन दिवसांवर, एप्रिल २००३ मध्ये दोन दिवसांवर आणि जानेवारी २०२३ अखेर एका दिवसावर आली. २००४ च्या कायदेदुरुस्तीने बाजाराची मालकी व कारभार दलालीच्या हक्कापासून वेगळे करणे बंधनकारक झाले.

परंतु बाजाराबाहेर गोळा होणाऱ्या पैशाला हे कुंपण नव्हते. २०१३ मध्ये शारदा समूह कोसळला आणि लक्षावधी लहान ठेवीदार पोळले. अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला, तो २०१९ मध्ये!

नियम बहुधा आपत्तीच्या मागून येतात, हे शासकीय सेवेत आयुष्य वेचलेल्या मला कबूल केलेच पाहिजे. म्हणून आपल्या निवृत्त सभासदांना माझी विनंती आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कोणाच्या हाती देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : पैसा नेमका कोठे जाणार, परत केव्हा मिळणार आणि त्यावर देखरेख कोणाची? उत्तर देताना समोरचा मनुष्य नुसताच गोड हसला, तर पिशवीचे तोंड आवळून घरी यावे.