एका वाक्याचे दोन अन्वय

'भांड्यांत दूध ओता, न मिळाल्यास ताक' ही आज्ञा घरांतील लहान मुलासहि कळते. दूध न मिळालें तर ताक त्याच भांड्यांत पडावयाचें. माणूस प्रसंग पाहून अन्वय लावतो. संगणकास प्रसंग दिसत नाहीं, त्यास केवळ व्याकरण दिसतें. तें व्याकरणच दोन ठिकाणीं दोन प्रकारें वागूं लागलें तर काय होतें, याचें उदाहरण रुबी या संगणकभाषेंत सांपडतें.

जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनीं ही भाषा १९९३ मध्यें रचावयास घेतली व १९९५ मध्यें लोकांपुढें ठेविली. एखादी कृति फसल्यास पर्याय कोणता, हें तींत त्याच ओळींत लिहितां येतें. त्याकरितां 'रेस्क्यू', म्हणजे सोडवणूक, हा शब्द योजिला आहे. 'किंमत म्हणजे हा हिशेब, रेस्क्यू शून्य' अशा अर्थाची ओळ लिहिली, कीं हिशेब फसतांच 'किंमत' या नांवाखालीं शून्य ठेविलें जातें. ताक भांड्यांत पडलें.

आतां एकाऐवजीं दोन नांवें घेऊं: 'लांबी, रुंदी म्हणजे हें माप, रेस्क्यू एक आणि दोन'. येथें जुनी रुबी निराळाच अन्वय लावी. रेस्क्यूच्या अलीकडील सबंध वाक्य ती एक धरी, व पर्याय त्या सबंध वाक्याच्या बदलीं आणी. माप फसलें कीं भांड्यांत ओतण्याची आज्ञाच रद्द होई. पर्याय तयार होई खरा. पण लांबी व रुंदी रिकामींच राहत. कारण असें, कीं एका नांवाच्या वाक्यासाठीं व्याकरणांत वेगळा नियम होता. अनेक नांवांचें वाक्य मात्र सामान्य नियमाखालींच राहिलें होतें.

खरी हानि यापुढें होते. मूळ चूक दाबली गेल्यामुळें संगणक तक्रार करीत नाहीं. आज्ञावली पुढें चालते आणि तें रिकामें नांव कोठें तरी दूर अडखळतें. शोधणारा बिचारा तेथें शोधतो; दोष मात्र मागेंच राहिलेला असतो.

डिसेंबर २०१९ मध्यें निघालेल्या २.७ या आवृत्तींत दोन्ही वाक्यांस एकच अन्वय देण्यांत आला. जुन्या अर्थावर विसंबून लिहिलेल्या आज्ञावलींचें वर्तन त्यामुळें बदलणार होतें. तरीहि हें करणें योग्यच होतें. एक नियम शिकलेल्या माणसास तोच नियम पुढच्या ओळींत फसवूं लागला, तर त्याचा भाषेवरील विश्वास उडतो. आणि जेथें वाचणाऱ्यास संशय येईल तेथें लिहिणारानें स्वतःच कंस घालावा. दोन चिन्हांचा तो खर्च फार नाहीं.