घरातील काटक शोभेचे झाड : सॅन्सेव्हेरिया
(महिला शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पिकाची निगा कशी राखावी हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. तरीही शहरातून हौसेने आणलेले कुंडीतले झाड दोन-तीन महिन्यांत ओसरीवरच कुजून गेले, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. विशेष म्हणजे, जे झाड सर्वांत काटक म्हणून विकले जाते तेच असे जाते. ते झाड म्हणजे सॅन्सेव्हेरिया. रोपवाटिकेत ते ‘स्नेक प्लांट’ या नावाने मिळते. तलवारीसारखी उभी, जाड पाने आणि त्यांवर सापाच्या अंगासारखे आडवे पट्टे, अशी त्याची ओळख. परदेशात त्याला गमतीने ‘सासूची जीभ’ असेही म्हणतात.

हे झाड उपासमारीने क्वचितच मरते. बहुतेक वेळा ते आपण लाडाने घातलेल्या पाण्याने मरते. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे आज पाहू.

झाडाची ओळख

घरोघर दिसणारी सॅन्सेव्हेरियाची जात मूळची पश्चिम आफ्रिकेतील आहे. हे झाड शतावरीच्या कुळातील असून बांधावर लावतो ते घायपातही याच कुळात येते. 2017 साली शास्त्रज्ञांनी या झाडाचा समावेश ड्रेसिना या प्रजातीत केला. त्यामुळे नव्या पुस्तकांत ते ड्रेसिना या नावाने सापडेल. रोपवाटिकेत मात्र जुनेच नाव रूढ आहे. आपल्या देशातही याची एक रानटी जात आढळते. तिच्या पानांतून घायपाताप्रमाणे चिवट धागा निघतो.

बाजारात प्रामुख्याने चार प्रकार मिळतात : हिरव्या पट्ट्यांचा साधा प्रकार; पानांना पिवळी किनार असलेला ‘लॉरेंटी’; फुलासारखा पसरणारा बुटका ‘हानी’; आणि गोल, काठीसारख्या पानांचा प्रकार. चौघांचीही निगा जवळपास सारखीच आहे.

पाणी कमी का लागते?

बहुतेक पिकांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात. त्यांतून हवा आत जाते, पण त्याच वाटेने पाण्याची वाफही बाहेर पडते. सॅन्सेव्हेरियाची छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात. रात्रीच्या गारव्यात झाड कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उजेड मिळाला की त्यापासून अन्न तयार करते. अननस, घायपात आणि निवडुंग यांचीही हीच रीत आहे. शिवाय जाड पाने आणि जमिनीखालचे मांसल आडवे खोड यांत पाण्याचा साठा असतो. म्हणून महिनाभर पाणी मिळाले नाही तरी हे झाड तग धरते.

मुळांना मात्र हवा लागते. कुंडीतील माती सतत ओली राहिली की हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि मूळकूज सुरू होते. पाणी साचलेल्या शेतात कपाशी आणि तूर मान टाकतात, तेव्हा आपण आणखी पाणी देत नाही, चर काढतो. कुंडीलाही हाच नियम लागू आहे.

कुंडी आणि माती

कुंडी शक्यतो मातीची घ्यावी. तळाला छिद्र असलेच पाहिजे. नुसती काळी माती कधीही भरू नये, कारण ती पाणी धरून ठेवते. एक भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांची बारीक भरड आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत असे मिश्रण चालते. छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवावा.

या झाडाला फार मोठी कुंडी देऊ नये. जास्तीची माती म्हणजे जास्तीचा ओलावा. दोन-तीन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च भरली की एक माप मोठी कुंडी घ्यावी किंवा फुटवे वेगळे करावेत. प्लास्टिकची कुंडी असल्यास आतील खोड वाढून ती फुगते, कधी फुटतेही.

जागा आणि उजेड

हे झाड कमी उजेडात जगते, पण तेथे वाढ अगदी मंद होते आणि पाण्याची गरजही निम्म्याहून कमी होते. पूर्वेकडील खिडकीजवळची किंवा पडवीतील उजेडाची जागा सर्वांत चांगली. घरात वाढलेले झाड एकदम कडक उन्हात ठेवू नये, पाने करपतात. उन्हात न्यायचेच असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय करावी. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात पारा 10 अंशांच्या खाली जाऊ लागला की कुंडी घरात घ्यावी आणि पाणी तोडावे.

पाणी : दिवस मोजू नका, वाफसा पाहा

पेरणीआधी वाफसा आला की नाही हे आपण मूठभर माती दाबून ओळखतो. येथेही हाताचाच उपयोग करावा. बोट किंवा कोरडी काडी मातीत 5 ते 7 सें.मी. खोल घालावी. काडीला ओली माती चिकटली तर पाणी देऊ नये. कुंडी उचलून पाहणे हीदेखील चांगली खूण आहे. कोरडी कुंडी लगेच हलकी लागते.

अंदाजासाठी सांगायचे तर घरातील कुंडीला उन्हाळ्यात साधारण 10 ते 15 दिवसांनी आणि हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी पाणी पुरते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवा इतकी दमट असते की माती सुकेपर्यंत वाट पाहावी. पाणी द्याल तेव्हा मात्र तळातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्यावे आणि खालच्या बशीतील पाणी ओतून टाकावे. रोज घोटभर पाणी घालणे ही सर्वांत वाईट सवय. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

खताचा हव्यास नको. उन्हाळा आणि पावसाळ्यात दोन महिन्यांतून एकदा 19:19:19 हे विद्राव्य खत 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम या प्रमाणात द्यावे. हिवाळ्यात खत देऊ नये.

झाड आजारी पडल्यास

पाने सुरकुतली की पाणी घालण्याचा मोह होतो. आधी माती तपासावी. माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. माती ओली असूनही पाने सुरकुतली, बुडाशी पिवळी, मऊ झाली आणि कुबट वास आला, तर मुळे कुजली आहेत. अशा वेळी झाड कुंडीतून काढावे, कुजलेला भाग स्वच्छ चाकूने कापून टाकावा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे आणि नवीन कोरडसर मिश्रणात लावावे. आठवडाभर पाणी देऊ नये. सर्व मुळे गेली असली तरी पानांच्या निरोगी वरच्या भागापासून नवीन रोपे करता येतात.

पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा. शेतात फवारण्याचे कीटकनाशक घरातील झाडावर कदापि वापरू नये.

अभिवृद्धी : किनार हवी तर फुटवेच लावा

बचत गटाच्या ज्या भगिनी छोटी रोपवाटिका करू इच्छितात, त्यांनी हा भाग नीट लक्षात घ्यावा. पानाचे 7 ते 10 सें.मी. लांबीचे तुकडे करून, दोन-तीन दिवस सुकवून, ओलसर वाळूत 2 ते 3 सें.मी. खोल लावल्यास त्यांना मुळे फुटतात. तुकड्याचे बूड खालीच राहिले पाहिजे, म्हणून कापताना खालच्या बाजूला खूण करावी. नवीन कोंब दिसायला दोन-तीन महिने किंवा अधिक काळ लागतो.

परंतु पिवळ्या किनारीच्या लॉरेंटीचे पान लावल्यास येणारे रोप साधे हिरवे निघते. या पानात दोन वेगळ्या ऊती शेजारी शेजारी असतात आणि नवा कोंब आतल्या हिरव्या ऊतीतून येतो. किनारीचे म्हणून अशी रोपे विकण्याचे ठरवले, तर गिऱ्हाईक तुटेल. किनार टिकवायची तर मूळ झाडाचे फुटवे खोडासह, मुळांसह वेगळे करूनच लावावेत.

दोन गोष्टींची दक्षता

पहिली गोष्ट, हे झाड रात्री ऑक्सिजन देते असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. घरातील हवा शुद्ध करण्याचा दावा 1989 मधील अमेरिकेच्या नासा संस्थेच्या प्रयोगावर आधारलेला आहे, पण तो प्रयोग लहान बंद पेटीतला होता. अशा प्रयोगांचा 2019 मध्ये आढावा घेतला गेला. नेहमीच्या वायुवीजनाइतका परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील, असे त्यात दिसून आले. तेव्हा चुलीच्या धुरासाठी धुराडे आणि उघडी खिडकी हाच उपाय. झाड शोभेसाठी ठेवावे, आणि विकतानाही तेवढेच सांगावे.

दुसरी गोष्ट, पानांत सॅपोनिन हे द्रव्य असते. पान चघळल्यास लहान मुलांना, कुत्र्या-मांजरांना उलट्या-जुलाब होऊ शकतात. कुंडी रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. कापलेली पाने जनावरांच्या गव्हाणीत टाकू नयेत.

बंधू-भगिनींनो, निचरा होणारी माती, जेमतेम मापाची कुंडी, थोडा उजेड आणि माती सुकल्यावरच पाणी, एवढे सांभाळले तर हे झाड वर्षानुवर्षे टिकते. वाफसा ओळखणाऱ्या हातांना हे अवघड नाही. उद्या सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन कुंडीजवळ जाल, तेव्हा आधी बोट मातीत घालून पाहा. ओल लागली तर ते पाणी परसातल्या कढीपत्त्याला घाला.