साखरेचा जमाखर्च



साखर कमी करण्याविषयी बोलावयाचे म्हणजे गोडाची निंदा करावयाची, अशा समजुतीने जे कोणी आज येथे आले असतील त्यांची ती समजूत आरंभीच दूर करणे मी माझे कर्तव्य मानतो. मधुर रसाची ओढ ही मनुष्यस्वभावातील विकृती नव्हे. नवजात बालकाच्या जिभेवर गोड थेंब पडला की त्याचा चेहरा निवळतो आणि कडू थेंब पडला की तो आक्रसतो, हे त्याला कोणी शिकविलेले नसते, आणि मातेच्या दुधाला गोडी निसर्गानेच दिलेली आहे. माझा आक्षेप आहे तो जी साखर खाल्ल्याचे समाधानही आपल्या पदरी पडत नाही तिच्यावर: दिवसातून चार वेळा होणाऱ्या चहातील, त्याबरोबरच्या बिस्किटांतील, शीतपेयांतील आणि गोड म्हणून कोणी ओळखतही नाही अशा बाटलीबंद सॉसमधील साखरेवर.

ही साखर आपल्या स्वयंपाकघरात मुक्कामास आली त्याला फार काळ लोटलेला नाही. ऊस आणि गूळ आपल्याला प्राचीन काळापासून ठाऊक आहेत, आणि चरकसंहितेने प्रमेहाची कारणे सांगताना बैठे सुख, निद्रेचे सुख, दही, नवे धान्य यांच्याच पंक्तीस गुळाचे पदार्थ बसविले आहेत. पण तो सुखवस्तू माणसाचा आजार होता. रयतेच्या घरी गोडधोड व्हावयाचे ते सणाला, लग्नाकार्याला, किंवा पाहुणा आला तर. पांढरी साखर येई ती पुष्कळशी जावा बेटावरून. १९३२ साली सरकारने देशी साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिले आणि त्या वेळी तीसच्या आसपास असलेली कारखान्यांची संख्या चारपाच वर्षांत शंभराच्या वर गेली. पुढे प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी कारखाना उभा राहून १९५० च्या सुमारास तेथे साखर निघू लागली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला या कारखानदारीने शाळा, दवाखाने आणि रस्ते दिले, हे ऋण मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु जी वस्तू मुबलक झाली तिच्या उपभोगाची मर्यादा मात्र आपण जुन्या टंचाईच्याच हवाली करून ठेवली होती, आणि टंचाई सरताच मर्यादाही सरली.

टंचाई, मर्यादा आणि वासना यांचा परस्परसंबंध ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्याने युद्धकालीन ब्रिटनचा दाखला अवश्य अभ्यासावा. जानेवारी १९४० मध्ये तेथे साखरेचे रेशनिंग सुरू झाले आणि १९४२ मध्ये मिठाईचेही. प्रौढ माणसाला आठवड्याला साधारणपणे आठ औंस साखर मिळे. मिठाई वगैरे सर्व धरून दिवसाचा हिशेब चाळीस ग्रॅमच्या आसपास जाई. युद्ध संपल्यावरही हा अंमल कित्येक वर्षे चालू राहिला. त्या काळात गर्भात असलेल्या आणि बाल्याची पहिली दोन वर्षे कमी साखरेत काढलेल्या पिढीची तुलना, रेशनिंग उठल्यानंतर लगेच जन्मलेल्या पिढीशी करणारे एक संशोधन २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. पहिल्या पिढीत उतारवयातील मधुमेहाचा धोका सुमारे पस्तीस टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे वीस टक्क्यांनी कमी आढळला. आयुष्याच्या आरंभीच्या हजार दिवसांत जे दिले किंवा दिले नाही त्याची नोंद शरीर पन्नास-साठ वर्षे जपून ठेवते, ही गोष्ट, ज्या घरात लहान मूल आहे त्या घराने मनावर कोरून ठेवावी.

पण या दाखल्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एप्रिल १९४९ मध्ये सरकारने मिठाई खुली करून पाहिली, तेव्हा मागणी इतकी उसळली की चार महिन्यांत नियंत्रण पुन्हा बसवावे लागले. आणि १९५३ साली मिठाई व साखर दोन्ही कायमची मुक्त होताच साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. सरकारी हुकुमाने शरीराचे रक्षण केले, मनाला मात्र वळण लावले नाही. जी गोष्ट राष्ट्राची तीच व्यक्तीची: एक तारखेपासून साखर वर्ज्य, अशी प्रतिज्ञा करणारा पुष्कळदा पंधरवड्यात दुप्पट वेगाने पूर्वपदावर येतो, आणि आपण दुर्बल मनाचे आहोत असा निष्कर्ष काढून स्वतःवर अन्याय करतो. दोष त्याच्या मनाचा नसून त्याने निवडलेल्या मार्गाचा असतो.

गोडाची तलफ ही बहुतांशी वेळेशी आणि स्थळाशी बांधलेली असते. दुपारी चारला कचेरीत, रात्री जेवणानंतर, कंटाळा आला असता, झोप अपुरी झाली असता ती येते, आणि थोडा वेळ दुसऱ्या कामात गेला तर पुष्कळदा ओसरते. पोटात खरी भूक असेल तर मात्र तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. नुसत्या गोड चहावर आणि टोस्टवर सकाळ काढणाऱ्याला अकरा वाजता गोड आठवणारच, म्हणून न्याहारीत उसळ, अंडे, दही, मूठभर शेंगदाणे यांची तजवीज असावी. चहातील साखर अर्ध्या चमच्याने कमी करून काही आठवडे तेथेच थांबावे, मग पुन्हा उतरावे. अमेरिकेतील एका प्रयोगात, ज्यांनी काही महिने साखर कमी केली त्यांना तोच पदार्थ पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. मात्र अधिक गोड पदार्थाची त्यांची आवड बदललेली नव्हती, हेही त्यात नमूद आहे. जीभ शिकते, परंतु ओढ टिकते. तेव्हा सावधपणा पुढेही लागणारच.

गूळ आणि मध यांना या हिशेबात सवलत नाही. गुळात थोडी खनिजे आहेत, पण मुख्य द्रव्य साखरच. फळ चावून खावे, त्याचा रस काढून पिऊ नये. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांवर वजन उतरविण्यासाठी भिस्त ठेवू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. ज्यांचे मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी आहारातील कोणताही मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

आणि आपला आग्रह! पाहुण्याने नको म्हणावे आणि आपण ताटात जिलबी वाढावीच, यात प्रेम आहे हे मी जाणतो. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा पंक्तीत बसलेल्या कोणाच्या नकारामागे काय आहे हे वाढणाऱ्याला ठाऊक नसते. एकदा विचारावे, नकार आला तर पुढे जावे, हाच यापुढे आदरातिथ्याचा शिरस्ता व्हावा. पुरणपोळी होळीला व्हावी, श्रीखंड पाडव्याला व्हावे, आणि ते मनापासून खावे; रोजची साखर उतरली तर सणाच्या गोडाला घाबरण्याचे फारसे कारण उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत असावी, पंचवीसच्या आत आली तर अधिक हितकर. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर येत असेल तर ती माणशी दिवसाला सुमारे बेचाळीस ग्रॅम पडते, आणि बाहेरचा चहा, बिस्किटे, शीतपेये त्यात धरलेली नाहीत. पंचवीस ग्रॅमच्या हिशेबाने तेच घर, सर्व मिळून, तीन किलोंत भागले पाहिजे. येत्या महिन्याचे वाणसामान भरताना आपल्या घराचा हा भागाकार प्रत्येकाने कागदावर करून पाहावा, आणि यादीतील साखरेचा आकडा अर्ध्या किलोने उतरवून त्याच महिन्यापासून प्रारंभ करावा, एवढीच माझी आपणा सर्वांस विनंती आहे.