चरित्र-अभिनेत्याचा मान



मुलगा नट होणार म्हटले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो, 'नायक होणार काय?' नायकाशेजारी उभा राहणारा तो दुय्यम, असा आपला समज! श्री. दिलीप प्रभावळकर यांची कारकीर्द पाहिली, की तो किती उथळ आहे हे आम्हांस कळून येते.

१९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवरून चिं. वि. जोशींचा भाबडा चिमणराव त्यांनी घरोघरी पोचविला. 'चौकट राजा'त (१९९१) त्यांनी बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू साकारला, तर 'झपाटलेला'त (१९९३) क्रूर तात्या विंचू. त्यांच्याच 'अनुदिनी'वर आधारलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेत (२००१) ते वत्सल आबा झाले; आणि 'लगे रहो मुन्नाभाई'तील (२००६) महात्मा गांधींच्या भूमिकेने त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिले.

चेहरा एकच; परंतु एका भूमिकेत दुसरीची सावलीही दिसू नये, इतका हा नट स्वतःस विसरतो. प्रेक्षकांस नटाआधी आबा आठवतात, हेच त्याचे खरे यश.

म्हणून उद्या आपल्या घरातील मुलाने वा मुलीने ही वाट धरली, तर 'नायक होणार काय?' असे न पुसता, 'भूमिकेशी इमान राखशील ना?' एवढेच पुसावे, अशी आमची नम्र विनंती आहे.