हार्ड, हार्डली आणि आपला 'च'
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समोर मसाला दूध उकळत असताना व्याकरणावर बोलायला उभं राहणं हा खरं तर गुन्हाच आहे. पण अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली आहेत, आणि फुकट मिळालेलं काही मी सोडत नाही. घाबरू नका, शेवटी परीक्षा नाही.

मी पेशाने कॉम्प्युटरवाला. भाषांशी माझा संबंध जावा आणि सी प्लस प्लस एवढाच. पण मध्यंतरी एका प्रोजेक्टसाठी मेक्सिकोत मॉन्टेरेला वर्षभर होतो, तिथे मोडकंतोडकं स्पॅनिश शिकलो. त्या भांडवलावर गेली चार वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या गावच्या लायब्ररीत स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवतो. वर्गात छपरं घालणारे, हॉटेलात भांडी घासणारे, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायका. दिवसभर राबून येतात आणि मला 'माएस्त्रो' म्हणतात. म्हणजे चक्क मास्तर!

पहिल्याच महिन्यात छपरं घालणाऱ्या एका गृहस्थांनी उभं राहून स्वतःची ओळख करून दिली, "आय वर्क हार्डली." आणि मी हसलो. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, नाहीच्यासारखं. टेक्सासच्या उन्हात दहा-दहा तास छपरावर काढणारा माणूस सांगत होता की मी काम जवळजवळ करतच नाही! त्यांना विनोद कळला नाही, माझं हसू मात्र कळलं. पुढचे दोन मंगळवार ते आले नाहीत.

त्या दोन आठवड्यांत मी बसून विचार केला, की ही चूक आली कुठून? स्पॅनिशमध्ये विशेषणाला 'मेन्ते' लावलं की क्रियाविशेषण तयार. 'रापिदा' म्हणजे जलद, 'रापिदामेन्ते' म्हणजे जलदपणे. हे 'मेन्ते' मूळ लॅटिनमधलं, अर्थ 'मनाने'. आपल्या 'मन' शब्दाचं लांबचं भावंडच. आपण 'मनापासून' म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. तेव्हा विद्यार्थी हिशेब करतो, स्पॅनिश 'मेन्ते' म्हणजे इंग्रजी 'ली'. बहुतेक वेळा हिशेब बरोबर येतो. पण 'हार्ड', 'फास्ट', 'लेट' हे शब्द काही न लावताच क्रियाविशेषणं आहेत. 'फास्टली' असा शब्दच नाही. 'लेट'ला 'ली' लावलं तर उशिराचं 'अलीकडे' होतं, आणि 'हार्ड'चं काय होतं ते तुम्ही ऐकलंत. म्हणजे त्या गृहस्थांचं लॉजिक अगदी सरळ होतं. बग होता तो इंग्रजीत!

दुसरी गंमत जागेची. स्पॅनिशमध्ये 'बोलतो चांगलं इंग्रजी' असा क्रम चालतो, म्हणून ते "आय स्पीक वेल इंग्लिश" म्हणतात. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषणाने सहसा नाक खुपसायचं नसतं. नवरा-बायकोच्या भांडणात आपण पडत नाही, तसंच.

तिसरे म्हणजे फसवे शब्द. 'आक्तुआलमेन्ते' म्हणजे 'सध्या', 'ॲक्च्युअली' नव्हे. 'एबेन्तुआलमेन्ते' म्हणजे 'वेळ पडली तर', 'इव्हेन्च्युअली' नव्हे. वर्गातल्या एका बाईंना नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, शनिवारी याल का? त्या उत्साहाने म्हणाल्या, "इव्हेन्च्युअली!" त्यांना म्हणायचं होतं, गरज पडेल तेव्हा येईन. समोरच्याने ऐकलं, कधीतरी पुढेमागे बघू. नोकरी गेली.

एका शब्दाच्या बाबतीत मात्र आपली त्यांच्याशी युती आहे. 'तोदाबिया' म्हणजे आपलं 'अजून'. "अजून झोपलाय" आणि "अजून आला नाही", दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीला त्यासाठी 'स्टिल' आणि 'येट' असे दोन लागतात. वर्गात हे शिकवताना मला पुस्तक लागत नाही, आपला 'अजून' पुरतो.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 'वन्स' हा साधा शब्द, म्हणजे एकदा. हेच स्पेलिंग स्पॅनिशमध्ये 'ओन्से' वाचतात आणि त्याचा अर्थ ११! एक आजी रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली घेऊन आल्या. लेबल स्पॅनिशमध्ये, पण नेमका 'वन्स' तेवढा इंग्रजीच राहिलेला. त्यांनी विचारलं, "माएस्त्रो, दिवसाला ११ गोळ्या?" नशीब, आधी विचारलं. २०१० साली 'पेडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली एक पाहणी छापून आली होती. कॉम्प्युटरने तयार केलेली औषधांची ७६ स्पॅनिश लेबलं तपासली, त्यात निम्म्यांत चुका निघाल्या. ते प्रोग्राम माझ्याच जातीच्या लोकांनी लिहिलेले. शब्द बदलले की भाषांतर झालं, असं आपण इंजिनीयर लोक पटकन समजतो.

आता त्या छपरंवाल्या गृहस्थांकडे येतो. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना फोन केला, माफी मागितली आणि माझी गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या नोकरीत मीटिंगमध्ये मॅनेजरने रिपोर्टचं विचारलं. मी म्हणालो, "आय सेंट इट येस्टर्डे ओन्ली." मला म्हणायचं होतं, अहो, कालच पाठवला! त्यांनी ऐकलं, 'फक्त काल', आणि विचारलं, "मग इतके दिवस काय करत होतास?" सगळे हसले. 'ओन्ली' हेही क्रियाविशेषणच, आणि माझ्या तोंडून बोलत होता आपला मराठी 'च'. त्यानंतर कित्येक महिने मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. घरी बायकोलाही हे सांगितलं नव्हतं, आज तुमच्यासमोर तीही पहिल्यांदाच ऐकते आहे.

फोनवर पलीकडे जरा शांतता होती. मग ते हसले. म्हणाले, "माएस्त्रो, यू ऑल्सो?" पुढच्या मंगळवारी हजर! गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचा छोटा धंदा सुरू केला. ट्रकवर काय लिहायचं ते आम्ही वर्गातच ठरवलं: 'वी वर्क हार्ड'. 'ली' नाही. मी दोनदा तपासलं.

मंडळी, माणूस परक्या भाषेत चुकतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची आई त्याच्या तोंडून बोलत असते. आपली मुलं मराठी बोलताना अडखळतात, तेव्हाही एवढं लक्षात ठेवू या. लायब्ररीला शिकवणारे हवेच आहेत. मंगळवारी, संध्याकाळी सातला. स्पॅनिश येत नसेल तरी चालेल, आपला 'अजून' सगळ्यांना येतोच.

आता दूध घ्या.