जुने इंजिन, नवी गाडी



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, अशी आमची आजवरची वहिवाट. आमचे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत झाले, पुढचे गॅरेजच्या खड्ड्यात, आणि उरलेले कामगार-सभेच्या कचेरीत, उसन्या आणलेल्या पुस्तकांवर. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटले, जे हाताने केले त्यावरच बोलू. नव्या गाडीत जुने इंजिन बसवण्याविषयी बोलू. ते जरा वेळ गप्पच राहिले. काल येथे संतवाङ्मयावर बोलणे झाले, उद्या राज्यघटनेवर व्हायचे आहे. मध्येच हे तेलकट इंजिन कोठून आले, असे आपल्यालाही वाटत असेल. पण ऐकून घ्या. यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे, आणि ती चार लोकांसमोर एकदा द्यावी असे फार दिवस मनात होते.

आधी धंद्याची गोष्ट. पुष्कळांना वाटते की इंजिन बदलणे म्हणजे कंदिलाची काच बदलण्यासारखे आहे. जुने काढले, दुसरे ठेवले, चार बोल्ट आवळले, झाले! प्रत्यक्षात चेन-पुलीला लटकलेले इंजिन बॉनेटखाली उतरू लागले की एकेक प्रश्न उभा राहतो. फाउंडेशनची भोके जुळत नाहीत. बेलहाउसिंग गिअरबॉक्सवर बसत नाही, म्हणून मधे पोलादी चकती तयार करून घालावी लागते. प्रोपेलर शाफ्ट चार बोटे लांब तरी पडतो नाहीतर आखूड तरी. इंजिन जड असेल तर पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि चाकांचा कल बिघडतो. रेडिएटर लहान पडला तर चढावर पाणी उकळते. डिफरन्शलचे दाते एका इंजिनाच्या फेऱ्यांचा हिशेब करून कापलेले असतात; दुसरे इंजिन आले की तो हिशेब चुकतो. सारांश, गाडी ही सुट्या वस्तूंची मोळी नव्हे. ते एक कुटुंब आहे. नवे माणूस घरात आले की प्रत्येकाला थोडे सरकून बसावे लागते.

हा प्रकार आडरस्त्याच्या गॅरेजातच होतो असे समजू नका. मोठमोठ्या कारखान्यांनीही तो केला आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९८५ साली 'स्टँडर्ड २०००' नावाची गाडी बाजारात आणली. तिचा देह विलायतेतील रोव्हर गाडीचा. ही रोव्हर १९७६ साली निघाली आणि १९७७ ची युरोपातील सर्वोत्तम मोटार म्हणून तिचा गौरव झाला. ज्या इंजिनामुळे तिचे नाव झाले ते आठ नळकांड्यांचे, साडेतीन लिटरचे. मद्रासेत मात्र त्या देहात चार नळकांड्यांचे, १९९१ घनसेंटिमीटरचे इंजिन आले. त्याचे घराणे कोणते? स्टँडर्ड व्हॅनगार्ड या १९४८ च्या सुमाराच्या गाडीचे! मुलगा सत्तरीच्या दशकातला आणि काळीज चाळिशीच्या दशकातले. गाडी सव्वा टनाहून जड, शक्ती मूळच्या मोठ्या इंजिनाच्या जवळपास निम्मी. रूप पाहून गिऱ्हाईक पुढे येई आणि चालवून पाहून मागे सरके. १९८८ पर्यंत ती गाडी बंद झाली. पुढे मोटारींचा तो कारखानाही राहिला नाही.

कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यात याच सुमारास दुसरा प्रयोग झाला. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली काँटेसा काढली. तिचा सांगाडा व्हॉक्सहॉल या विलायती गाडीचा, तोही सत्तरीच्या दशकातला. लांबरुंद, ऐसपैस गाडी. आत मात्र अँबॅसडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे, पन्नासेक अश्वशक्तीचे इंजिन, ज्याचा जन्म १९५३-५४ च्या सुमाराचा. धष्टपुष्ट बैलाच्या गाडीला शिंगरू जुंपावे तसा तो प्रकार. फरक इतकाच की येथे चूक लवकर ध्यानात आली. काही वर्षांतच जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअरची पेटी काँटेसात आली, आणि गाडीला तिच्या अंगाजोगे बळ मिळाले. मग ती २००२ पर्यंत टिकली.

असे का झाले? कोणी मुद्दाम वाईट गाडी काढत नाही. तो काळ परवान्यांचा होता, परकीय चलनाच्या टंचाईचा होता. सांगाड्याचे साचे परदेशातून मिळत. पण नवे इंजिन घालायचे तर नवी यंत्रे, नवे ओतकाम, नवे करार आणि पुष्कळ डॉलर लागत. घरात जे इंजिन ओळखीचे आहे, ज्याचे सुटे भाग देशात मिळतात, जे खेड्यातला मिस्त्रीही उघडू शकतो, ते वापरावे, हा विचार मूर्खपणाचा म्हणता येत नाही. आम्हीही खेड्यातल्या मिस्त्रीच्याच जातकुळीचे. ज्या इंजिनाचे पोट आपल्या पान्याला उघडते त्याची माया आम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा जुने इंजिन म्हणजे वाईट इंजिन, असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. व्हॅनगार्डच्या याच इंजिनाची दुसरी बाजू पाहा. त्याच घराण्याचे इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरात बसले आणि त्याने जगभरची शेते नांगरली. १९५३ साली ट्रायम्फ कंपनीने तेच इंजिन 'टी. आर. २' नावाच्या हलक्या शर्यती गाडीत घातले, त्याला दोन कार्ब्युरेटर लावले, आणि ती गाडी ताशी शंभर मैलांच्या पुढे धावली. नांगराला तेच, शर्यतीला तेच! मग रोव्हरच्या देहातच ते का अडले? ट्रॅक्टरात आणि टी. आर. मध्ये इंजिन बसवताना गाडीचे वजन, गिअर, कामाचे स्वरूप यांचा मेळ घातला होता. दोष वयाचा नसतो, मेळाचा असतो. एवढे एक वाक्य घरी नेलेत तरी आमचे येणे सार्थकी लागले.

पण येथवर आम्ही दुसऱ्याच्या चुका सांगितल्या. त्या सांगणे सोपे. आता आमची.

साल १९९०. आमचे वय एकोणीस. पुण्यात एका गॅरेजमध्ये आम्ही मदतनीस होतो. आखातात युद्धाचे ढग जमले, पेट्रोल महागले, आणि मोठ्या पेट्रोल गाड्या बाळगणाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. डिझेल स्वस्त. मग भंगारात निघालेल्या मालव्हॅनचे जुने डिझेल इंजिन आणायचे आणि चार वर्षांच्या गाडीत घालायचे, अशी लाटच आली. आमच्या गॅरेजात अशी एक गाडी आली. मालक व्यापारी, गाडी चालवायला पगारी ड्रायव्हर, पन्नाशीचे गृहस्थ. आम्ही पोरे त्यांना मामा म्हणत असू.

त्या गाडीच्या ब्रेकला बूस्टर होता. बूस्टर चालतो कशावर? पेट्रोल इंजिन हवा आत ओढते, पण वाटेत एक झडप ती हवा अडवते. त्यामुळे नळीत एक ओढ निर्माण होते, तिला गॅरेजात व्हॅक्यूम म्हणतात. त्या ओढीने बूस्टरचा पडदा सरकतो आणि ड्रायव्हरच्या पायाच्या जोरात भर पडते. डिझेल इंजिनाला बहुधा अशी झडप नसते, म्हणून ओढही नसते. तिच्यासाठी वेगळा पंप लावावा लागतो. भंगारातून आलेल्या आमच्या इंजिनावर तो पंप नव्हता. मिस्त्री म्हणाले, "शेठ, पंप आणल्याशिवाय गाडी देऊ नका." गॅरेजचे शेठ म्हणाले, "उद्या सकाळी डिलिव्हरी आहे. ब्रेक लागतो ना? मग थोडा जास्त दाबतील." मिस्त्री गप्प झाले. बूस्टरची नळी बंद करायला सांगितली गेली, आणि ती कोणी बंद केली? आम्ही. एक बोल्ट घालून, वर क्लिप आवळून, या हातांनी.

सकाळी मामा गाडी न्यायला आले. सपाट रस्त्यावर ट्रायल झाली. ब्रेक कडक लागत होता, पण लागत होता. मामांनी आम्हाला विचारले, "काय रे पोरा, पायाला जड लागतो. काही राहिले का?" शेठ पलीकडे उभे होते. आम्ही म्हटले, "नवे काम आहे मामा, सुटेल हळूहळू."

पाचव्या दिवशी मामा शेठजींना साताऱ्यास सोडून एकटे परत येत होते. जुन्या कात्रज घाटात, बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना गाडी आवरेना. पुढचे अंग जड झालेले, ब्रेक तापलेले, पायाला मदत नाही. त्यांनी दोन्ही पाय पेडलवर रोवले आणि एका बाजूस दरी, एका बाजूस डोंगर, यांतून डोंगर निवडला. जीव वाचला. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. तो पुन्हा पेडलवर नीट आला नाही.

पुढचा हिशेब ऐका. विमा कंपनीने पाहिले, आर. सी. बुकातला इंजिन नंबर वेगळा, गाडीतला वेगळा. बदलाची नोंद नाही, परवानगी नाही. दावा फेटाळला. गाडीच्या मालकाने मामांना कामावरून काढले. गॅरेजच्या शेठने दोष मिस्त्रींवर टाकला आणि त्यांनाही काढले. निर्णय ज्या दोघांनी घेतला त्यांचे गाडीपुरते नुकसान झाले. ज्या दोघांना कोणी विचारले नव्हते त्यांची भाकरी गेली. आणि आम्ही, ज्यांनी नळी बंद केली, ते पगारावर राहिलो. त्या आठवड्यात आसपासच्या गॅरेजांतल्या चौदा पोरांकडून आम्ही मामांच्या औषधासाठी वर्गणी गोळा केली. ती आमच्या संघटनेची पहिली वर्गणी. दवाखान्यात आम्ही मामांना नळीचे सांगितले. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तेव्हाच सांगितले असतेस तर मी घाटात गेलो नसतो रे." बस, एवढेच. ते वाक्य आम्ही आजही बरोबर वागवतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. कायदा काय म्हणतो ते कायदेपंडित सांगतील. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांविषयी आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की मूळ उत्पादकाच्या नोंदीशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही. हे ठीकच झाले. परंतु कायदा आर. सी. बुक पाहतो, नळीतला बोल्ट त्याला दिसत नाही. तो दिसतो फक्त ज्याने घातला त्याला. त्याला बोलण्याची मुभा हवी आणि बोलल्यावर नोकरी शाबूत राहण्याची हमी हवी. लोक विचारतात, संघटना कशाला? पगारवाढीला तर खरीच. पण "शेठ, ही गाडी देऊ नका" हे वाक्य मिस्त्रीला दुसऱ्यांदा म्हणता यावे, यासाठी आधी.

हे जुने झाले असे म्हणाल, तर आजचे पाहा. आता लाट उलटी आहे. जुन्या गाडीतून इंजिन काढून विजेची मोटर बसवण्याचे संच निघाले आहेत, आणि आपल्या पुण्यातल्या ए. आर. ए. आय. सारख्या संस्था ते तपासतात. चांगली गोष्ट आहे. धूर कमी होईल. पण विजेची मोटरही हवा ओढत नाही, म्हणजे बूस्टरला व्हॅक्यूम नाही, म्हणजे पुन्हा वेगळा पंप. मान्य झालेल्या संचात त्याची तजवीज असते. घाईने, स्वस्तात केलेल्या कामात नसेल. प्रश्न तोच, पस्तीस वर्षांपूर्वीचा.

तेव्हा आपल्यापैकी कोणी उद्या गाडीत असा बदल करून घेतलात, तर गॅरेजच्या मालकाशी भावाची घासाघीस जरूर करा. पण त्यानंतर दोन पावले पुढे जा, खड्ड्यातून वर येणाऱ्या तेलकट पोराला बाजूला घ्या आणि त्याला विचारा, "बाळ, काही राहिले का?" आणि तो शेठकडे पाहू लागला, तर त्या दिवशी गाडी नेऊ नका.