रूळ नसलेली वाट : अलास्कातील 'युकॉन ८००'
(गणेशोत्सव व्याख्यानमालेत, गुवाहाटी येथे दिलेले भाषण)



आज ज्या शर्यतीविषयी बोलणार आहे, तिचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. अमेरिकेच्या अलास्का राज्यात १९६० साली सुरू झालेली ही मोटरबोटींची शर्यत. नाव 'युकॉन ८००'. आठशे म्हणजे मैल. आपल्या हिशेबाने सुमारे १,२९० किलोमीटर, मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गाहून थोडे कमी. एवढे अंतर दोन दिवसांत नदीतून कापायचे.

जूनमध्ये फेअरबँक्स शहरातून बोटी सुटतात. चेना या लहान नदीतून टनाना नदीत, पुढे युकॉनच्या पात्रात आणि गलीना गावी मुक्काम. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. गलीनाला बाहेरून जाणारा रस्ताच नाही. एक विमान, नाहीतर नदी. वाटेत तुरळक वस्त्या, बाकी सारे जंगल. इंजिन बंद पडले तर जवळ मेकॅनिक नाही.

बोट २४ फुटी, सपाट तळाची. इंजिन फक्त ५० अश्वशक्तीचे. आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षा थोडेसेच जास्त, आणि आमच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाच्या २,६०० अश्वशक्तीपुढे तर काहीच नाही. बोटीत तिघे असतात : एक चालक, एक वाट बघणारा, एक इंजिन सांभाळणारा. इंजिनाची ताकद सगळ्यांना सारखीच, म्हणून पैसेवाल्याने मोठे इंजिन लावून पुढे जायची सोय नाही. मग शर्यत जिंकायची कशावर? माझ्या मते, पाणी वाचण्यावर.

आम्ही रेल्वेवाले लोहमार्गाला 'पर्मनंट वे' म्हणतो, म्हणजे कायमची वाट. कीमन रोज ती चालत तपासतो, म्हणून ड्रायव्हर रात्रीसुद्धा बिनधास्त गाडी हाकतो. टनाना नदीत असे काही कायमचे नाही. ती हिमनद्यांतून येते. पाणी गाळाने राखाडी, त्यामुळे वीतभर खालचेही दिसत नाही. हिवाळ्यात नदी गोठते, उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ फुटतो आणि वाळूचे पट्टे जागा बदलतात. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असे नाही. काठ ढासळून आख्खी झाडे प्रवाहात येतात. भर वेगात एक ओंडका लागला तर बोटीचे आणि माणसांचे काय होईल, ते सांगायला नको.

तंत्राच्या दृष्टीने मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि वेगवान असते, आतल्या बाजूला संथ आणि उथळ. जाताना प्रवाह मदतीला हवा, म्हणून बाहेरची बाजू बरी. येताना तोच प्रवाह अंगावर येतो, म्हणून आतली बाजू बरी. पण तिथेच वाळूत रुतण्याची भीती. थोडक्यात, नदी तीच, पण दोन दिवसांत दोन निराळे मार्ग पाठ करायचे!

वाटेत नेनाना गावी बोटी अलास्का रेल्वेच्या पुलाखालून जातात. ७०० फुटांचा एकच गाळा असलेला हा पूल १९२३ साली पुरा झाला. त्या वर्षी अध्यक्ष हार्डिंग यांनी नेनानालाच सोन्याचा खिळा ठोकून रेल्वेमार्ग पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्याआधी, १९१७ साली, नदीवरचा बर्फ नेमका कधी फुटेल यावर तिथल्या रेल्वे इंजिनिअरांनी पैज लावली होती. ती पैज पुढे दरवर्षीची झाली. इंजिनिअर लोकसुद्धा नदीपुढे अंदाजच बांधतात!

मंडळी, हे सारे आपल्याला परके नाही. १९६२ साली बांधून झालेल्या सराईघाट पुलावरून खाली पाहिले, तर ब्रह्मपुत्राही दर पावसाळ्यानंतर चर बदललेली दिसते. पुलाचे खांब आपण पक्के केले. नदी पक्की करता येत नाही. इथल्या फेरीवर सुकाणू धरणाऱ्या माणसाची नजर पाण्याच्या रंगावर, भोवऱ्यांवर, तरंगांवर असते. युकॉनच्या शर्यतीत जिला मान आहे, तीच ही विद्या. ती पुस्तकात नाही, नकाशात मावत नाही, आणि पुलांची संख्या वाढली की फेरीबरोबर तीही नाहीशी होऊ शकते. आपल्या मुलांनी एखाद्या रविवारी त्या माणसाशेजारी उभे राहून त्याला चार प्रश्न विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे.

 गणपती बाप्पा मोरया!